यजमानांचं पदक थोडक्यात हुकलं? आधी रिझल्ट शीट अशी वाचा

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ठरल्या आहेत. म्हणजे तिथे आपला कुणीतरी खेळाडू घरच्या प्रेक्षकांसमोर चौथा येणार, हे धरूनच चला. त्या रात्री वर्तमानपत्रांच्या क्रीडा विभागात, यूट्यूबवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाक्य फिरेल : ‘घरच्या अपेक्षांचं दडपण आलं.’ एका मराठी दैनिकात क्रीडा पान लावण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. हे वाक्य मी किती कॉप्यांमधून, म्हणजे छापायला आलेल्या बातम्यांमधून, कापलं असेल त्याला गणती नाही. ते दर वेळी खोटं असतं असं नाही, पण तपासून लिहिलेलं क्वचित असतं. खेळाडू कशामुळेही हरला तरी ते बसतं, आणि कुठेही बसणाऱ्या वाक्यातून वाचकाला काही कळत नाही.

ते लिहिण्याआधी काय काय बघायचं, तेवढंच इथे सांगते. नव्याने डेस्कवर बसणारी पोरंपोरी माझ्या डोळ्यासमोर आहेत. घरी चहाचा कप घेऊन मॅच बघणाऱ्यालाही उपयोग होईल.

उदाहरण कॅनडाचं घेऊ. यजमानांच्या हुकलेल्या पदकांचा अभ्यास करायला याहून चांगला देश नाही. १९७६ ला माँट्रियलमध्ये कॅनडाने ऑलिम्पिक भरवलं आणि त्यांना एकही सुवर्ण मिळालं नाही. पाच रौप्य, सहा कांस्य. उन्हाळी ऑलिम्पिकच्या यजमानावर अशी वेळ ना त्याआधी आली होती ना नंतर आली. सगळ्यात जवळ गेला तो उंच उडीतला ग्रेग जॉय : २.२३ मीटर आणि रौप्य, सुवर्णविजेत्या पोलंडच्या व्शोवापेक्षा दोन सेंटिमीटर कमी. मग १९८८ ला कॅल्गरीत हिवाळी ऑलिम्पिक झालं. तिथेही सुवर्ण शून्य. त्यामुळे २०१० मध्ये व्हँकुव्हरची पाळी आली तेव्हा त्यांनी ‘ओन द पोडियम’ (पदकमंच आपलाच) नावाची मोहीम काढली, त्यात ११ कोटी डॉलरच्या वर पैसा ओतला आणि एकूण पदकांत पहिलं येण्याचं जाहीर लक्ष्य ठेवलं. हे जाहीर करणंच पुढे नडलं, पण त्यावर नंतर येते.

व्हँकुव्हरची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे. तिथल्या सकाळच्या शर्यती आपल्याकडे मध्यरात्रीनंतर यायच्या, ऐन शहर आवृत्ती सुटायच्या वेळेला. मराठी पेपरात हिवाळी ऑलिम्पिकला जागा किती, तर तळाला तीन कॉलम, तेसुद्धा जाहिरात आली नाही तर. पण निकाल वाचायची सवय मला त्या पंधरवड्यात लागली ती लागलीच.

बोट फरकाच्या रकान्यावर ठेवा

१९ फेब्रुवारी २०१०, व्हँकुव्हर ऑलिम्पिकचं डोंगरातलं ठिकाण व्हिसलर, पुरुषांची सुपर-जी. स्कीवरून डोंगर उतरायचा, एकच फेरी, एकच वेळ. कॅनडाचा एरिक ग्वे पाचवा. वृत्तसंस्थेच्या कॉपीत ‘यजमानांची पुन्हा निराशा’ अशा थाटाचं पहिलं वाक्य होतं, कारण त्याच आठवड्यात सोमवारी डाउनहिलमध्येही (उतारावरची आणखी वेगवान शर्यत) तो पाचवाच आला होता.

आता शीट बघा. नॉर्वेचा स्विंडाल १ मिनिट ३०.३४ सेकंद, सुवर्ण. अमेरिकेचा बोडी मिलर ३०.६२, रौप्य. अमेरिकेचाच अँड्र्यू वाइब्रेख्ट ३०.६५, कांस्य. इटलीचा वर्नर हील ३०.६७, चौथा. ग्वे ३०.६८.

बहुतेक जण क्रमांक वाचतात आणि थांबतात. तुम्ही वेळेवर बोट ठेवा. दुसऱ्या क्रमांकापासून पाचव्यापर्यंत चार माणसं सहा शतांश सेकंदांत आहेत. ग्वेचं कांस्य तीन शतांशांनी गेलं. ताशी शंभर किलोमीटरचा वेग धरलात तर तीन शतांशांत माणूस ऐंशीपंचाऐंशी सेंटिमीटर जातो. दीड मिनिट डोंगर उतरून शेवटी एका पावलाचा हिशेब. एवढ्या अंतराला मानसशास्त्र लावायचं असेल तर मग वाइब्रेख्टलाही लावा. विश्वचषक मालिकेत तोवर तो एकदाही पहिल्या तिघांत आला नव्हता, आणि पदक घेऊन गेला. त्याच्या ‘निर्भय मना’वर लिहायचं आणि ग्वेच्या ‘दडपणा’वर लिहायचं, दोन्हींना पुरावा मात्र तेच तीन शतांश. हे बरोबर नाही.

दुसरी खूण : स्विंडाल आणि मिलर यांच्यात अठ्ठावीस शतांशांचं अंतर आहे, मिलर आणि ग्वे यांच्यात फक्त सहा. म्हणजे सुवर्ण एकाचं स्पष्ट, आणि खाली गर्दी. अशी गर्दी दिसली की कोण तिसरा आणि कोण पाचवा हे ठरवणारी गोष्ट बर्फाचा एखादा पट्टा, वाऱ्याची झुळूक किंवा एका वळणावरची बारीकशी चूक असू शकते. उलट चौथा आणि तिसरा यांच्यात मोठी दरी असेल तर ‘थोडक्यात’ हा शब्दच वापरू नका, मग त्याचा क्रमांक चौथा का असेना. ‘चौथा’ आणि ‘थोडक्यात’ हे वेगळे शब्द आहेत, आपण ते उगाच जोडीने लिहितो.

तिसरी गोष्ट, त्या खेळाडूचा आधीचा आणि नंतरचा कागद. ग्वे २००६ ला तूरिनमध्ये, म्हणजे परक्या डोंगरावर, याच सुपर-जीत चौथा होता. तिथे कुठला घरचा प्रेक्षक? आणि व्हँकुव्हरनंतर महिन्याच्या आत त्याने सुपर-जीचा त्या मोसमाचा विश्वचषक जिंकला. याचा अर्थ एवढाच की हा माणूस जगातल्या पहिल्या पाचसहा जणांत कायम होता, आणि अशा पाचसहा जणांना तीनच पदकं वाटायची असतात.

दुसरी यादी करा. ही कुणी करत नाही

थोडक्यात हुकलेल्यांची यादी सगळेच करतात. शेजारी थोडक्यात जिंकलेल्यांची यादी करा, त्याच देशाची, त्याच स्पर्धेतली.

व्हँकुव्हरमध्ये कॅनडाच्या ख्रिस्तीन नेसबिटने स्पीड स्केटिंगचं १००० मीटरचं सुवर्ण दोन शतांश सेकंदांनी जिंकलं. जॉन माँटगोमेरीने स्केलेटनचं सुवर्ण चार फेऱ्या मिळून सात शतांशांनी. पुरुषांच्या आइस हॉकीची फायनल जादा वेळेत गेली आणि सिडनी क्रॉस्बीच्या गोलने ३-२ अशी सुटली. यातलं प्रत्येक नाणं दुसऱ्या बाजूला पडू शकलं असतं. ते पडलं नाही म्हणून आपण ‘जिद्द’ लिहितो.

दोन्ही याद्या साधारण सारख्या लांबीच्या निघाल्या तर यजमान दुर्दैवी नाही आणि घाबरटही नाही, तो स्पर्धेत आहे एवढंच. हुकलेल्यांची यादी खूप लांब आणि जिंकलेल्यांची रिकामी निघाली तर मग बातमी आहे, खुर्ची पुढे ओढा.

आणि याद्या स्पर्धा संपल्यावर करा, अर्ध्यात नाही. २२ फेब्रुवारीला, अजून आठवडाभर खेळ शिल्लक असताना, कॅनडाच्या ऑलिम्पिक समितीचे मुख्य कार्यकारी अधिकारी ख्रिस रज यांनी कबूल करून टाकलं की एकूण पदकांत अमेरिकेला आता गाठता येणार नाही. त्या दिवशी सकाळी कॅनडाची सुवर्णपदकं चार होती. ‘घरच्या दडपणाने कॅनडा कोसळला’ हे लेख त्याच दोनचार दिवसांतले. उरलेल्या दिवसांत त्यांनी आणखी दहा सुवर्णं घेतली. एकूण १४, तोवरच्या कुठल्याही हिवाळी ऑलिम्पिकमधला कुणाही देशाचा विक्रम. एकूण पदकांत मात्र २६ वर राहिले. अमेरिका ३७, जर्मनी ३०. म्हणजे जाहीर केलेलं लक्ष्य चुकलं आणि इतिहासातली सर्वोत्तम कामगिरी झाली, दोन्ही एकाच वेळी. खेळाडू अपयशी होते की लक्ष्य फुगवलेलं होतं, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. आपल्याकडेही आत्तापासून कुणी आकडे जाहीर करायला लागलं तर ते कात्रण जपून ठेवा.

एकच ट्रॅक, एकच दिवस

स्केलेटन म्हणजे पोटावर झोपून, डोकं पुढे करून, बर्फाच्या नळीतून एका पातळ घसरगाडीवर खाली यायचं. चार फेऱ्या, दोन दिवस, वेळांची बेरीज.

कॅनडाची मेलिसा हॉलिंग्सवर्थ. तूरिनची कांस्यविजेती, त्या मोसमातली विश्वचषक मालिकेची विजेती, घरचा ट्रॅक. तीन फेऱ्यांनंतर दुसरी. चौथ्या फेरीत चूक झाली, घसरगाडी भिंतींना लागत गेली आणि ती पाचव्या क्रमांकावर फेकली गेली. सुवर्ण ब्रिटनच्या एमी विल्यम्सचं. हॉलिंग्सवर्थने कॅमेऱ्यासमोर रडत देशाची माफी मागितली. ते दृश्य कॅनडात पुढे कित्येक दिवस चर्चेत होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे बघा, हे दडपण. थांबा. त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर, त्याच गर्दीसमोर जॉन माँटगोमेरी होता. तोही तीन फेऱ्यांनंतर दुसरा. पुढे लात्वियाचा मार्तिन्स दुकुर्स, जो सगळ्या स्पर्धेत आघाडीवर होता. माँटगोमेरीची चौथी फेरी स्वच्छ गेली, दुकुर्सची थोडी बिघडली, आणि सुवर्ण कॅनडाचं.

घरची गर्दी दोघांनाही होती. गर्दीने एकीला पाडलं असेल तर तिनेच दुसऱ्याला उचललं असं म्हणावं लागेल, आणि मग गर्दी हे कारण उरतच नाही. तेव्हा कारण खाली शोधा, ट्रॅकवर. कुठल्या वळणाला घसरगाडी लागली, सुरुवातीचा धक्का किती वेळेचा होता, मधल्या टप्प्यांच्या वेळा काय सांगतात. स्केलेटन, ल्यूज (पाठीवर झोपून उतरायचं), बॉबस्ले (गाडीत बसून उतरायचं) या खेळांत प्रत्येक टप्प्याची वेळ छापलेली असते. जिथे वेळ एकदम वाढली तिथे चूक झाली. ते एक वाक्य लिहा, वाचकाला खरंच काहीतरी मिळेल. हॉलिंग्सवर्थला दडपण आलं होतं का? आलं असेल. तिने ते लपवलं नाही. पण ते तिच्या तोंडून घ्या, आपल्या पेनातून नको.

पदक हुकलं की पणाला लावलं

ही तपासणी पटकन होते, पण जबाबदारीने करा. चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूला तिसरं यायचं होतं का, की पहिलं?

स्की क्रॉसच्या फायनलमध्ये चारच जण उतरतात. व्हँकुव्हरला कॅनडाचा ख्रिस डेल बॉस्को तिसरा चालला होता. उभा राहिला असता तर कांस्य हातात होतं. त्याने शेवटच्या उड्यांवर पुढच्या ऑस्ट्रियन खेळाडूला गाठायचा प्रयत्न केला, हवेत तोल गेला, पडला. चारांत चौथा. शीटवर हे ‘हुकलं’सारखंच दिसतं. प्रत्यक्षात त्याने कांस्य टेबलावर ठेवलं आणि डाव लावला. कुणाला हे वेडेपण वाटेल. मला नाही वाटत. ज्या मोहिमेचं घोषवाक्यच पोडियमवर मालकी सांगतं, तिथल्या खेळाडूने तिसऱ्या पायरीवर समाधान मानायला हवं होतं असं म्हणायला आपण कोण?

घरचं मैदान नेमकं कुठे कामाला येतं

आपण गृहीत धरतो की घर म्हणजे फायदा, मग तो दिसला नाही की अपयश. पण फायदा सगळ्या खेळांत सारखा नसतो. बाल्मर, नेव्हिल आणि विल्यम्स या संशोधकांनी ऑलिम्पिकचे शंभरेक वर्षांचे निकाल तपासले, हिवाळीचे २००१ मध्ये छापले, उन्हाळीचे २००३ मध्ये. पंच गुण देतात त्या खेळांत, म्हणजे फिगर स्केटिंग किंवा जिम्नॅस्टिक्ससारख्यांत, यजमानांना ठळक फायदा दिसला. घड्याळ आणि मोजपट्टी निकाल देतात तिथे तो कमी होता; डोंगरउताराच्या स्कीइंगसारख्या काही खेळांत थोडाफार दिसला. ग्वे घड्याळाच्या खेळातला. त्याच्याकडून पंचांच्या खेळाइतका ‘घरचा फायदा’ मागणं म्हणजे खात्यात नसलेल्या पैशांचा चेक फाडणं.

घड्याळाच्या खेळातला फायदा असतो तो ओळखीचा : ट्रॅक पाठ असणं. व्हिसलरचा ट्रॅक कॅनडाच्या खेळाडूंना सरावासाठी मुबलक मिळाला, बाहेरच्यांना मोजून. त्यावर बाहेरचे नाराजही होते. मग १२ फेब्रुवारीला, उद्घाटनाच्याच दिवशी, जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली ल्यूजच्या सरावात ट्रॅकबाहेर फेकला गेला आणि मरण पावला. त्यानंतर ल्यूजच्या शर्यतींची सुरुवात खाली आणली गेली, पुरुषांची महिलांच्या जागेवरून, महिलांची त्याहून खालून. निर्णय योग्यच होता, त्यात वाद नाही. पण त्याने घरच्या ल्यूज खेळाडूंचा वरून केलेला सराव बराचसा निकामी झाला. त्यांच्या निकालावर लिहिताना हे एक वाक्य आलंच पाहिजे. सामन्याच्या काही दिवस आधी वेळापत्रक, जागा, साधन, नियम यांत काय बदललं, हा प्रश्न नेहमी विचारा.

आणि कोण आलं नाही, तेही बघा. दिल्लीला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने १०,००० मीटरमध्ये कांस्य घेतलं, राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारतीय महिलेचं पहिलं वैयक्तिक पदक. पुढे दोघी केनियाच्या. त्या स्पर्धेला बरीच मोठी नावं आली नव्हती. याने कविताचं पदक लहान होत नाही. ती धावली, बाकीच्या घरी राहिल्या. पण पुढच्या वेळी भरलेल्या रिंगणात कुणी पाचवी आली तर ‘घसरण’ लिहिण्याआधी दोन्ही शर्यतींतल्या खेळाडूंच्या याद्या समोरासमोर ठेवा.

सगळे यजमानावरच डोळा ठेवून असतात

हे कारण रिझल्ट शीटवर कधीच दिसत नाही, त्यासाठी शर्यत बघावी लागते. लंडन २०१२, पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत, पहिलाच दिवस. ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश जगज्जेता, शेवटच्या झपाट्यात त्याला हरवणं अवघड. सोबत आठवड्यापूर्वी टूर द फ्रान्स जिंकलेला ब्रॅडली विगिन्स, आणि क्रिस फ्रूमही. योजना गावभर माहीत : घोळका एकत्र ठेवायचा आणि कॅव्हेंडिशला शेवटी सोडायचा. मग बाकीच्या देशांनी काय केलं? पुढे जाऊन वारा खायचं काम ब्रिटनवरच सोडलं. संघात फक्त पाच जण, कानात रेडिओ नाही, पुढे निसटलेला गट मोठा. तो हाती आला नाही. कझाकस्तानचा विनोकुरोव जिंकला, कॅव्हेंडिश एकोणतिसावा.

हे दडपण नाही, हे गणित आहे. ज्याच्यावर सगळे पैसे लावतात त्याच्या विरोधात सगळे एकत्र येतात, आणि यजमानावर पैसे जास्तच लागतात. सायकल, लांब पल्ल्याचं धावणं, शॉर्ट ट्रॅक स्केटिंग, जिथे जिथे प्रतिस्पर्धी एकमेकांच्या चाली बघून चाली करतात तिथे हा प्रश्न टाकाच : शर्यत कोण ओढत होतं?

नियमांचं थोडक्यात. सिडनी २००० मध्ये ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल २० किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत पुढे होती, स्टेडियमच्या तोंडाशी आली आणि तिसरं लाल कार्ड पडलं. बाद. तेव्हाच्या नियमाने पाय जमिनीवरून सुटतोय असं तीन वेगवेगळ्या पंचांना वाटलं की संपायचं. पॅरिस २०२४ ला महिला बास्केटबॉलच्या फायनलमध्ये फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सचा शेवटचा बास्केट पडला, पण पाय रेषेवर होता, म्हणून तीनऐवजी दोन गुण. ६७-६६, अमेरिका. अशा ठिकाणी नियम एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. वाचकाला नियम माहीत नसतो, आणि आपण त्याला खेळाडूच्या डोळ्यातलं पाणी दाखवत बसतो.

आता ‘दडपण’ काढा

एवढं सगळं बघून झालं आणि तरी कारण सापडलं नाही, तर मग तो शब्द वापरा. पण त्यालाही पुरावा लागतो.

१९८४ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि अँड्र्यू स्टाइनहिल्बर यांनी मांडलं होतं की अमेरिकी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये घरचे संघ सुरुवातीचे सामने जिंकतात आणि निर्णायक सामना घरी हरतात. कल्पना झकास होती, हेडिंगला सोपी होती, म्हणून जगभर गेली. १९९५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी नंतरच्या वर्षांचे निकाल मिळवून पुन्हा हिशेब केला तेव्हा तो परिणाम टिकला नाही. पहिली गोष्ट अजूनही लेखांत सापडते, दुसरी क्वचितच.

गर्दीचा परिणाम शोधायचा तर तो हाताला लागेल असा शोधा. लंडनला टॉम डेली १० मीटर प्लॅटफॉर्मच्या फायनलमध्ये पहिल्या उडीला उभा राहिला आणि घरच्याच प्रेक्षकांच्या कॅमेऱ्यांचे फ्लॅश चमकले. त्याने तक्रार केली, पंचांनी उडी पुन्हा मारू दिली, शेवटी त्याला कांस्य मिळालं. पुन्हा मारू दिली नसती तर? हे खरं घरच्या प्रेक्षकांचं उदाहरण : कोण, कधी, कुठे, काय. असं हातात असेल तर खुशाल लिहा.

आणखी एक जागा आहे जी पत्रकार विसरतात. घरचं कार्य असलं की यजमानाला धड जेवायलाही फुरसत मिळत नाही. खेळाडूलाही पास मागणारे नातेवाईक, प्रायोजकांचे कार्यक्रम, आधीच्या महिन्यांतले सत्कार आणि जाहिराती असतात. स्पर्धेच्या आदल्या दोन महिन्यांत तो किती दिवस सरावाला होता आणि किती दिवस मंचावर, हे प्रशिक्षकाला विचारा. उत्तर मिळालं तर त्यात ‘दडपणा’पेक्षा बरंच काही असेल.

हेडिंग देताना

‘हुकलं’ लिहायला हरकत नाही. शेजारी आकडा द्या. ‘दडपणाखाली ग्वे ढेपाळला’ असं माझ्यासमोर आलं तर मी ‘ग्वेचं कांस्य ०.०३ सेकंदांनी गेलं’ असं करेन. दोन्ही तेवढ्याच जागेत बसतात.

यजमान देशाच्या पथकाचा आकारही बातमीत कुठेतरी घाला. ब्रिटनने लंडनला ५४१ खेळाडू उतरवले, त्याआधी बीजिंगला तीनशेच्या थोडे वर नेले होते. यजमानाला बऱ्याच खेळांत जागा राखीव मिळतात. माणसं एवढी वाढली की पदकं वाढतात, आणि चौथे-पाचवे-सहावे त्याहून वाढतात. ४०० मीटर अडथळ्यांत ब्रिटनच्या ॲथलेटिक्स संघाचा कर्णधार डाय ग्रीन चौदा शतांशांनी चौथा, आणि त्याच आठवड्यात ४ × ४०० रिलेत तो ज्या संघात होता तो संघ तेरा शतांशांनी चौथा. बिचाऱ्याच्या वाट्याला दोन्ही. पण ‘यजमान किती वेळा चौथे’ अशी चौकट करायची झाली तर ‘किती जणांपैकी’ हे त्याच चौकटीत हवं.

शेवटचं काम वर्षभराने करायचं, म्हणून आत्ताच मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेवा. व्हँकुव्हरच्या शेवटच्या दिवशी ५० किलोमीटर क्रॉस-कंट्रीमध्ये कॅनडाचा डेव्हन कर्शॉ दोन तासांहून जास्त वेळ स्की चालवून सुवर्णापासून १.६ सेकंदांवर, पाचवा. आधी ॲलेक्स हार्वीबरोबर टीम स्प्रिंटमध्ये चौथा. २०११ मध्ये ऑस्लोला हेच दोघे त्याच टीम स्प्रिंटमध्ये जगज्जेते झाले. त्याच हिवाळ्यात ग्वे गार्मिशला डाउनहिलचा जगज्जेता झाला. जेन सॅव्हिल सिडनीनंतर चार वर्षांनी अथेन्सला कांस्य घेऊन आली. या बातम्या आपल्याकडे आल्या तर संक्षिप्तमध्ये येतात, दोन ओळी. त्या दोन ओळींत ‘गेल्या वर्षी घरच्या ऑलिम्पिकमध्ये अमुक इतक्या फरकाने पदक हुकलेला’ एवढं जोडायला आठ-नऊ शब्द लागतात, जागा निघते.